आजारपण म्हणजे वधस्तंभ का? शिष्यत्वातल्या दुःखाविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका भावाला डायलिसिस सुरू होऊन दीड वर्ष झाले. भेटायला येणारे तीन तऱ्हांचे बोलून जातात. कोणी म्हणते, घरात काही लपलेले पाप असेल, ते कबूल करा. कोणी म्हणते, विश्वास कमी पडतोय. आणि जाणती मानली जाणारी माणसे म्हणतात, हा तुमचा वधस्तंभ आहे, मुकाट्याने वाहा. त्या भावाच्या पत्नीने महिला मंडळात विचारले की यातले खरे कोणते. मंडळ चालवणाऱ्या ताईंनी त्याला आपला प्रश्न जोडला आहे: दुःख सोसणे हा शिष्यत्वाचा भाग असेल तर ते शिकवायचे कसे?

तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. पहिली दोन निष्ठुर आहेत हे ऐकणाऱ्याला लगेच बोचते. तिसरे मात्र टिकून राहते, कारण ते शास्त्राच्या शब्दांत बोलते. म्हणून आधी तेच घेऊ.

वधस्तंभ उचलणे म्हणजे काय

आपण प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘वधस्तंभ’ म्हणतो, वसईकडचे कॅथलिक ‘क्रूस’ म्हणतात. दोन्हीकडे हा शब्द रोजच्या बोलण्यात इतका घासला गेला आहे की सासूचा स्वभाव, गुडघेदुखी, व्यसनी मुलगा, कर्ज, सगळ्यालाच ‘ज्याचा त्याचा क्रूस’ म्हटले जाते. मार्क 8:34 मध्ये येशूने आपला वधस्तंभ उचलून मागे यायला सांगितले, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर यातले काहीच नव्हते. इसवी सन पूर्व 4 मध्ये हेरोद राजा मेल्यावर देशात उठाव झाला. तो मोडताना वारुस या रोमी सुभेदाराने सुमारे 2000 माणसांना वधस्तंभावर चढवल्याची नोंद योसेफस या यहुदी इतिहासकाराने केली आहे. त्याच मोहिमेत नासरेथपासून सहाएक किलोमीटरवरचे सेफोरिस शहर जाळले गेले. गालीलातल्या माणसाला वधस्तंभ हा अलंकार वाटणे शक्यच नव्हते. शिक्षा झालेला माणूस आडवे लाकूड खांद्यावर घेऊन भर रस्त्यातून, लोकांच्या शिव्या खात, शहराबाहेर जायचा, हे त्याला ठाऊक होते.

आता पुढची वचने वाचा. 8:35 मध्ये ‘माझ्याकरिता व सुवार्तेकरिता’ जीव गमावण्याची गोष्ट आहे. 8:38 मध्ये येशूची आणि त्याच्या वचनांची लाज वाटण्याची. म्हणजे वधस्तंभ ही येशूच्या मागे चालल्यामुळे अंगावर येणारी किंमत आहे. तिला दोन खुणा आहेत. ती उचलावी लागते, म्हणजे तिच्यात होकार असतो. आणि ती खाली ठेवता येते, म्हणजे अनुसरणे सोडले की ती टळते. महायाजकाच्या अंगणात ‘मी या माणसाला ओळखत नाही’ या एका वाक्यात पेत्राने ती खाली ठेवली होती.

म्हणून कोणत्याही दुःखाला एक साधी कसोटी लावा: आज येशूला सोडले तर हे दुःख जाईल का? मूत्रपिंड निकामी होणे या कसोटीला उतरत नाही. तो माणूस ख्रिस्ती असो वा नसो, आठवड्यातले त्याचे डायलिसिसचे दिवस चुकणार नाहीत. पण त्याच घरात दुसरे काही असू शकते. भावकीतले लोक देवऋषाकडे चला म्हणून मागे लागले असतील, या घराने नम्रपणे नाही म्हटले असेल आणि त्यावरून येणे-जाणे बंद झाले असेल, तर ते तुटलेपण वधस्तंभाच्या बाजूला पडते. एकाच घरात दोन्ही दुःखे शेजारी शेजारी असतात. ती वेगळी करून दाखवणे हे शिकवणाऱ्याचे पहिले काम.

मार्कच्या 8 ते 10 या अध्यायांची रचना महिला मंडळाला फळ्यावर काढून दाखवा, एक बैठक त्यावर सहज जाते. येशू तीन वेळा आपल्या मरणाविषयी सांगतो: 8:31, 9:31 आणि 10:33-34. तिन्ही वेळा लगेच शिष्यांची गल्लत होते. पेत्र त्याला दटावतो. मग सगळे आपल्यात मोठा कोण यावर वाद घालतात. मग याकोब आणि योहान उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागतात. प्रत्येक गल्लतीनंतर येशू शिष्यत्वाविषयी शिकवतो. आणि या सगळ्याच्या दोन टोकांना दोन आंधळे आहेत. बेथसैदाचा माणूस, ज्याला पहिल्या स्पर्शानंतर माणसे चालत्या झाडांसारखी दिसतात, आणि यरीहोचा बार्तीमय, जो दृष्टी आल्यावर वाटेने येशूच्या मागे निघतो. शिष्यांना दुःखाचा अर्थ एका फटक्यात दिसला नाही, अर्धवट दिसला. तुमच्या मंडळातही तसेच होईल, घाई करू नका.

दुःखाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा

मार्टिन लूथरने 1518 मध्ये हायडेलबर्गच्या वादसभेत मांडलेल्या प्रबंधांपैकी 21 वा असा आहे की गौरवाचा ईश्वरविद्यावंत, म्हणजे देवाला फक्त वैभवात शोधणारा, वाईटाला चांगले आणि चांगल्याला वाईट म्हणतो, तर वधस्तंभाचा ईश्वरविद्यावंत जी वस्तू जशी आहे तशी तिला म्हणतो. या विषयावरचे इतके उपयोगी वाक्य क्वचितच सापडेल. दुःखात माणसाचे जास्त नुकसान चुकीच्या नावाने होते, कारण नाव चुकले की उपाय चुकतो.

दुःखे चार तऱ्हांची आहेत. पहिले येशूला अनुसरण्यामुळे येणारे, त्याविषयी वर आलेच. त्यावरचे सगळ्यात नेमके शिक्षण पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. पाचच अध्यायांत दुःख सोसण्याचे ग्रीक क्रियापद बाराएक वेळा येते. त्यातला छळ बहुतेक तुरुंग-तलवारीचा नव्हता. निंदा, संशय, जुन्या सोबत्यांनी तुटक वागणे (4:4), असाच तो होता. महाराष्ट्रातल्या नवख्रिस्ती कुटुंबांना हे पत्र ओळखीचे वाटते ते यामुळेच. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची पाचएक वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. दोघांनीही ती किंमत मोजली. पण 4:15 सोडू नका: खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कोणी दुःख भोगू नये. शेजाऱ्यांच्या दारात पहाटे पाचला लाउडस्पीकर लावून तक्रार आली तर तो ख्रिस्तासाठी छळ नव्हे.

दुसरे दुःख मोडलेल्या सृष्टीचे: आजार, दुष्काळ, अपघात, म्हातारपण, मरण. ते सगळ्यांना सारखेच येते. रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायात पौल तीन कण्हणी सांगतो. सृष्टी कण्हते, आपण कण्हतो आणि आत्माही शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. आजारी विश्वासणारा या कण्हण्यात सामील असतो. त्याचे शिष्यत्व आजार कसा वाहतो यात दिसते. आजार ही त्याला मिळालेली पदवी नाही आणि शिक्षाही नाही.

तिसरे आपल्याच करणीचे. दारूने यकृत गेले, खोटे बोलल्याने नोकरी गेली. इथे पश्चात्ताप आणि भरपाई हवी. पण हे नाव फक्त ज्याचे त्याने आपल्या दुःखाला द्यायचे असते. दुसऱ्याच्या खाटेशेजारी बसून ते देण्याचा अधिकार कोणाला नाही.

चौथे दुसऱ्याने केलेल्या अन्यायाचे. त्याला थांबवायचे असते. यावर खाली सविस्तर लिहिले आहे, कारण चूक सर्वांत जास्त इथेच होते आणि सर्वांत महाग पडते.

‘पाप असेल’ आणि ‘विश्वास कमी आहे’

पहिल्या म्हणण्यामागे बरेचदा ख्रिस्ती शिकवण नसतेच. ‘मागच्या जन्मीचे भोग’ हा आपल्या मुलखात खोल रुजलेला विचार आहे. बाप्तिस्म्यानंतर मागचा जन्म जातो, भोग तेवढे राहतात. योहान 9 मध्ये जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की आईबापांचे. येशूने दोन्ही पर्याय नाकारले. लूक 13 मध्ये पिलाताने मारलेले गालीली आणि शिलोहाचा बुरूज अंगावर पडून मेलेले 18 जण यांच्याविषयी तो विचारतो, ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असे वाटते का? आणि नाही म्हणून सांगतो. ईयोबाचे पुस्तक 42 अध्यायांचे आहे. त्यातला मोठा भाग मित्रांच्या ‘काहीतरी केले असशील’ या एका मुद्द्याने व्यापला आहे, आणि शेवटी 42:7 मध्ये देव त्या मित्रांवरच रागावतो.

कोणी याकोब 5 पुढे करील, तर ते नीट वाचून दाखवा. 5:14 प्रमाणे आजारी माणूस मंडळीच्या वडिलांना, म्हणजे कारभार पाहणाऱ्या जाणत्यांना, बोलावतो. ते तेल लावून प्रार्थना करायला येतात, चौकशी समिती बनून येत नाहीत. 5:15 मध्ये पापाचा उल्लेख ‘जर’ घालून आहे. आणि 5:16 मधली कबुली एकमेकांजवळ करायची आहे, म्हणजे भेटायला येणाऱ्यानेही करायची.

विश्वास कमी असल्याच्या आरोपाला वाद घालण्याऐवजी नावे पुढे करा. पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी सोडले (2 तीमथ्य 4:20). एपफ्रदीत मरणाच्या दारी पोचला होता (फिलिप्पै 2:27). तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले (1 तीमथ्य 5:23), म्हणजे त्या काळचे औषधच. स्वतः पौलाने अंगातला काटा जावा म्हणून तीन वेळा विनवणी केली. काटा राहिला, कृपा पुरेशी असल्याचे उत्तर मिळाले. यांपैकी कोणाच्या विश्वासात खोट काढायची?

याच गैरसमजातून औषधे बंद करण्याचे प्रकार घडतात, आणि डायलिसिसच्या रुग्णाच्या बाबतीत ते जीवघेणे आहे. एक-दोन वेळा चुकल्या तरी शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठते, आणि पोटॅशियम वाढले की हृदय अचानक बंद पडू शकते. ‘विश्वासाने’ डायलिसिस सोडायला सांगणाऱ्याला पाळकाने स्पष्ट शब्दांत थांबवावे. वेदनाशामक घेणे म्हणजे कमी सोसणे, असेही काही भाविक मानतात. वधस्तंभावर जाताना येशूने बोळ (वेदना बधिर करण्यासाठी दिला जाणारा डिंक) मिसळलेला द्राक्षारस नाकारला (मार्क 15:23) हा त्यांचा आधार. त्याने ती त्या एका घडीला केलेली निवड होती; आजाऱ्यांना त्याने वेदना सोसा म्हणून परत पाठवल्याचे शुभवर्तमानांत कुठेही नाही. वेदनेची गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या, कारण दुकानातून सहज मिळणाऱ्या कित्येक गोळ्या मूत्रपिंडाला आणखी इजा करतात.

अन्याय सोसायला शिकवू नका

नवरा मारतो, आणि बाईला पेत्राचे पहिले पत्र 3:1, म्हणजे पत्नींनी नवऱ्याच्या अधीन राहावे हे वचन, वाचून दाखवले जाते. याहून शास्त्राचा मोठा गैरवापर मंडळीत क्वचितच होतो. त्याआधी 2:18 पासून पेत्र ज्या दासांशी बोलतो त्यांना न्यायालयाचे दार बंद होते. आजच्या बाईला ते उघडे आहे. आणि स्वतः प्रेषितांनी उघडी दारे वापरली. फटके मारायला बांधले तेव्हा पौलाने आपण रोमी नागरिक असल्याचे सांगितले (प्रेषितांची कृत्ये 22:25), फिलिप्पैच्या अधिकाऱ्यांना स्वतः येऊन बाहेर न्यायला लावले (16:37), शेवटी कैसराकडे दाद मागितली (25:11). दिमिष्कातून तो टोपलीत बसून भिंतीवरून निसटला. येशूला थोबाडीत मारली तेव्हा त्याने विचारले, का मारतोस? (योहान 18:23) दुसरा गाल पुढे करण्याच्या शिकवणीला हा प्रसंग जोडून शिकवा.

घरात मारहाण होत असेल तर क्रम असा ठेवा. आधी तिच्यावर विश्वास ठेवा, पुरावे मागू नका. आज रात्री घरी जाणे सुरक्षित आहे का, हे विचारा. नसेल तर राहण्याची जागा, मग बाकीचे. तातडीला 112, महिलांसाठी 181. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, मुलांचे शाळेचे दाखले, दवाखान्याचे कागद आणि मंडळीतून मिळालेला विवाहाचा दाखला यांच्या प्रती घराबाहेर कोणाकडे तरी ठेवायला सांगा. दाखला हरवला असेल तर मंडळीच्या विवाहनोंदवहीतून नक्कल काढून देणे हे पाळकाचे काम आहे. मारणाऱ्या नवऱ्याला आणि तिला समोरासमोर बसवून समुपदेशन करू नका. ती तिथे खरे बोलू शकत नाही, आणि बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. ख्रिस्ती बायकांना निव्वळ क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मागता येणे 2001 च्या दुरुस्तीनंतर शक्य झाले. तो मार्ग घ्यायचा की नाही हे तिने ठरवायचे, पण तो आहे हे तिला ठाऊक असले पाहिजे. जातपंचायतीने टाकलेला बहिष्कारही महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने गुन्हा आहे. छळ सोसताना तक्रार नोंदवणे हे विश्वास सोडणे नव्हे.

क्षमेचा प्रश्न इथे येतोच. 22 आणि 23 जानेवारी 1999 मधल्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची 10 व 6 वर्षांची दोन मुले गाडीत जाळून मारली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा जाहीर केली. खटला आपल्या वाटेने चालला, मुख्य आरोपी दोषी ठरला, आणि ग्लॅडिस पुढची काही वर्षे बारिपद्याला कुष्ठरुग्णांच्या सेवेत राहिल्या. क्षमा म्हणजे सूड सोडणे. शिक्षा माफ करणे, पुन्हा एका छताखाली राहणे, विश्वास परत टाकणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि क्षमेत त्या आपोआप येत नाहीत.

दुःख शोधायला जायचे का

नाही. हे आरंभीच्या मंडळीने रक्त सांडून शिकलेले आहे. दुसऱ्या शतकात स्मुर्ण्याच्या पॉलिकार्प या वृद्ध बिशपच्या हौतात्म्याचा जो वृत्तांत मंडळीने लिहिला, त्यात आधी क्विंटस नावाच्या फ्रुगियाच्या माणसाची हकिकत येते. तो स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे गेला, दुसऱ्यांनाही घेऊन गेला, आणि श्वापदे दिसताच घाबरून मूर्तीला बली द्यायला तयार झाला. वृत्तांत लिहिणारे तिथेच सांगतात की आपण होऊन स्वतःला हवाली करणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही, शुभवर्तमान तसे शिकवत नाही. पॉलिकार्प मात्र लोकांच्या आग्रहावरून शहराबाहेरच्या मळ्यात जाऊन राहिला, तिथून दुसऱ्या मळ्यात गेला. पकडायला आले तेव्हा त्याने शिपायांना जेवू घातले आणि प्रार्थनेसाठी वेळ मागितला. कार्थेजचा बिशप सिप्रियन 250 मध्ये डेसियसच्या छळात लपून राहिला, त्यावरून त्याच्यावर टीका झाली. 258 मध्ये वेळ आली तेव्हा त्याने शिर दिले. छळ झाला तर दुसऱ्या गावाला पळा, असे मत्तय 10:23 सांगते.

आपण होऊन घेतलेला त्रास याहून वेगळा असतो. उपास, दान, रात्रीची जागरणे, दूरच्या पाड्यावर चालत जाणे हे प्रेमाखातर केलेले असते आणि त्याचा कोणाला तरी उपयोग होतो. यशया 58 हीच कसोटी लावतो: उपासाने भुकेल्याला भाकरी मिळाली का? लेंतच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, चाळीस दिवसांत मधुमेही, गरोदर बाई किंवा डायलिसिसवरच्या माणसाने उपास करू नये. त्यांनी दुसरे काही सोडावे.

कलस्सै 1:24 चा प्रश्न हटकून निघतो, म्हणून थोडक्यात. ख्रिस्ताच्या क्लेशांत जे उणे आहे ते मी भरून काढतो, असे पौल म्हणतो. तारणाच्या कामात काही उणे राहिले असा त्याचा अर्थ नाही. पौलाने तिथे वापरलेला ‘क्लेश’ हा ग्रीक शब्द नव्या करारात येशूच्या तारणदायी मरणासाठी कुठेही वापरलेला नाही. मंडळीसाठी सुवार्तिकाने सोसायच्या हालांविषयी तो बोलतो. कॅथलिक बांधव आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडून अर्पण करतात. त्यांच्या त्या प्रार्थनेत आजाऱ्याला आपण निरुपयोगी नाही हा दिलासा मिळतो, आणि तो आपणही समजून घ्यावा.

विलाप शिकवा

स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे इतर कोणत्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत. आपल्या उपासनेत मात्र ती जवळजवळ ऐकूच येत नाहीत. त्यामुळे रडणाऱ्याला वाटते की देवापुढे रडणे म्हणजे अविश्वास.

सुरुवात स्तोत्र 13 पासून करा, सहाच वचने आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ चार वेळा येते: देवाविषयी, स्वतःच्या मनाविषयी, शत्रूविषयी. तिसऱ्या-चौथ्यात मागणे आहे, पाचव्या-सहाव्यात भरवसा. बैठकीला पाऊण तास ठेवा. स्तोत्र दोनदा सावकाश वाचा. मग प्रत्येकीने दहा मिनिटांत आपले ‘कोठवर’ लिहायचे, नाव न घालता. लिहिता न येणाऱ्यांनी शेजारणीला सांगायचे किंवा ओवी रचायची. जात्यावरच्या ओवीत आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या दुःख देवाच्या कानावर घातले आहे, त्यांना हा प्रकार शिकवावा लागत नाही, फक्त मोकळीक द्यावी लागते. मग दोन मिनिटे शांत बसून मागणे. भरवशाची दोन वचने शेवटी सगळ्यांनी मिळून म्हणायची. ज्या बाईला आज ती म्हणवत नाहीत तिच्या वतीने बाकीच्या म्हणतील, हे आधी सांगून ठेवा.

बिघडते ते पाचव्या वचनावर उडी मारल्याने. कोणी रडू लागले की गाणे सुरू करायचे, टाळ्या वाजवायच्या, ‘आनंद करा’ म्हणायचे, ही सवय मोडावी लागते. त्यासाठी स्तोत्र 88 वाचा. ते अंधारातच संपते, त्यात वळण येतच नाही, तरीही ते शास्त्रात आहे. विलापगीताच्या पाच अध्यायांत आशेची प्रसिद्ध वचने मधोमध, 3:22-23 ला आहेत, आणि त्यानंतर विलाप पुन्हा सुरू होतो. आशा बोलून झाली की दुःख संपले पाहिजे, अशी अट शास्त्राने घातलेली नाही.

दुःखाने माणूस घडतो, पण आपोआप नाही

रोमकरांस 5:3-5 मध्ये साखळी आहे: संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेले शील, शिलातून आशा. ती एखाद्या यंत्रासारखी चालते असे समजू नका. त्याच संकटाने माणसे कडवटही होतात. साखळी पाचव्या वचनात आत्म्याने अंतःकरणांत ओतलेल्या प्रीतीवर टेकलेली आहे, आणि पौल सगळीकडे ‘आपण’ म्हणतो. एकटा पडलेला माणूस पहिल्याच कडीला तुटतो. हे वचन आजाऱ्याला ऐकवण्याआधी त्याच्या ‘आपण’मध्ये आपण किती आहोत ते पाहावे.

दुसरी घाई साक्षीची. ऑपरेशननंतर महिन्याभरात त्याला व्यासपीठावर उभे करतात. पंडिता रमाबाईंचे आईवडील 1874 मध्ये दुष्काळात उपासमारीने गेले, भाऊ 1880 मध्ये, पती 1882 मध्ये पटकीने. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन सुमारे 300 मुली-बायकांना घेऊन आल्या. ती भूक त्यांना ओळखता आली कारण ती त्यांनी स्वतः भोगलेली होती. 2 करिंथ 1:4 मधले सांत्वन हेच: मिळालेले पुढे देणे. पण मधल्या 22 वर्षांचे अंतर पाहा. दुःखाचे फळ मंडळीच्या वार्षिक सभेच्या तारखेला पिकत नाही.

त्या घरी जाताना

ईयोबाच्या मित्रांनी एक गोष्ट अचूक केली: सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले. बोलायला लागल्यावर बिघडले. भेट पंधरा-वीस मिनिटांची ठेवा, फोन करून जा, डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी जाऊ नका, तेव्हा रुग्ण गळून गेलेला असतो. प्रार्थना करू का, हे विचारा, आणि काय मागू, हेही विचारा. तो बरे होणे मागेल तर तेच मागा. गेथशेमानेत येशूनेही प्याला टळावा म्हणून तीनदा मागितले. शहाळे, केळी, मोसंबीचा रस, लोणचे-पापड नेऊ नका. पोटॅशियम, मीठ आणि पाणी यांवर त्याला बंधन असते. जेवण द्यायचे तर पत्नीला विचारून पथ्याचे द्या.

पहिल्या पंधरा दिवसांत घर भरलेले असते, तिसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही. म्हणून वडीलमंडळाने सहा महिन्यांचा तक्ता करावा: आठवड्याच्या प्रत्येक डायलिसिसला सोबत कोण, गाडी कोणाची, मुलांचा अभ्यास कोण घेणार. एका फेरीला चारएक तास लागतात, येणे-जाणे वेगळे. हे एका बाईच्या अंगावर दीड वर्ष आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते. त्यांचे कागद पूर्ण आहेत का, हे मंडळीतल्या कोणा कारकुनी कामात हुशार माणसाने एकदा बसून पाहावे. याकोब 5 मधले तेल आणि हा कागद, दोन्ही एकाच भेटीत न्यायला हरकत नाही.

आणि त्या पत्नीकडे वेगळे लक्ष द्या, प्रश्न तिने विचारला आहे. ती झोपते का, स्वतः जेवते का, हे विचारा. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले, आणि होरेबाचे संभाषण चाळीस दिवसांनी झाले (1 राजे 19). ती ‘आता नको वाटते सगळे’ असे म्हणू लागली, स्वयंपाकात-मुलांत तिचे लक्ष लागेना, पंधरा दिवस झोप नीट नसेल, तर डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. रविवारी तिला उपासनेला यायचे असेल तर त्या दोन तासांसाठी घरी बसायला कोणी तरी जा. यायचे नसेल, नुसते झोपायचे असेल, तरीही जा.